यकृत देतं, स्नायू राखतो: ग्लायकोजेनची साठवण आणि मोडणी

रात्री जेवून झोपलेला माणूस सकाळी उठेपर्यंत आठ-दहा तास काही खात नाही. रात्रीच्या जेवणातून आतड्यांमार्फत रक्तात उतरणारं ग्लुकोज मध्यरात्रीनंतर आटत जातं. मेंदूचं काम मात्र थांबत नाही. तो दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो, म्हणजे तासाला सुमारे ५ ग्रॅम. आता रक्तात किती ग्लुकोज असतं ते पाहा. निरोगी माणसाच्या सुमारे पाच लिटर रक्तात सगळं मिळून ४ ते ५ ग्रॅम, जेमतेम एक लहान चमचा. या हिशेबाने एकटा मेंदूच तासाभरात रक्तातली सगळी साखर संपवेल. तरीही सकाळी उपाशीपोटी रक्त तपासलं तर साखर जागच्या जागी असते. रात्रभर ती कोणीतरी थोडीथोडी सोडत असतं.

सोडणारं असतं यकृत, आणि ते सोडतं ती साखर त्याने ग्लायकोजेनच्या रूपात आधी साठवलेली असते. मोठ्या माणसाच्या भरल्या यकृतात साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन असतं. सगळ्या स्नायूंमध्ये मिळून ४०० ते ५०० ग्रॅम. साठा एकाच पदार्थाचा, पण दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वापरला जातो. ही दोन घरं वेगळी का वागतात ते नीट कळलं की उपाशीपोटी येणारी चक्कर, लांब पल्ल्याच्या धावपटूचं अचानक गळून जाणं, डाएटच्या पहिल्या आठवड्यात झरझर उतरणारं वजन आणि काही दुर्मिळ आजार, या सगळ्यांची किल्ली हाती येते.

पण आधी हा पदार्थ सापडला कसा ते सांगायला हवं, कारण तो प्रयोग मला फार आवडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समज असा होता की साखर तयार करणं हे वनस्पतींचं काम, प्राण्यांनी ती फक्त खायची आणि जाळायची. पॅरिसमधले शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांना ते पटत नव्हतं. १८५५ मध्ये त्यांनी नुसत्या मांसावर ठेवलेल्या कुत्र्याचं ताजं यकृत घेतलं आणि त्याच्या शिरेतून थंड पाण्याचा झोत सोडला. चाळीस मिनिटं पाणी वाहत राहिलं. यकृतातलं रक्त धुऊन गेलं, रंग फिका पडला आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात साखरेचा मागमूस उरला नाही. ते धुतलेलं यकृत त्यांनी तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्यात पुन्हा भरपूर साखर! रक्त नाही, अन्न नाही, जीवसुद्धा नाही, मग साखर आली कुठून? पाण्याने धुऊन न जाणारं काहीतरी यकृतात होतं आणि त्याचीच हळूहळू साखर होत होती. १८५७ मध्ये बर्नार यांनी तो पदार्थ वेगळा काढला. पांढरी पूड, पाण्यात घातली की दुधाळ झाक देणारी. नाव दिलं ग्लायकोजेन, म्हणजे साखर निर्माण करणारा.

आता साधा प्रश्न: साखर साठवायचीच तर ग्लुकोज सुटंच का नाही ठेवत? कारण पाणी. पेशीच्या आत विरघळलेले कण बाहेरच्यापेक्षा जास्त झाले की पाणी आत ओढलं जातं. यकृताच्या पेशीतलं सगळं ग्लायकोजेन सुट्या ग्लुकोजच्या रूपात असतं तर त्याचा दाटपणा रक्तातल्या ग्लुकोजच्या सुमारे ऐंशी पट झाला असता, आणि पेशी पाणी ओढून ओढून फुटली असती. पाण्याची ओढ ठरते ती विरघळलेल्या कणांच्या संख्येवर, त्यांच्या आकारमानावर नाही. म्हणून हजारो ग्लुकोज एकमेकांना जोडून एकच मोठा रेणू केला की ऐवज तेवढाच राहतो आणि कणांची संख्या एकदम खाली येते.

मग चरबीच का नको? ती तर कमी जागेत कितीतरी जास्त ऊर्जा ठेवते. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगातली चरबी लाखभर किलोकॅलरींची असते, तर सगळं ग्लायकोजेन मिळून जेमतेम २००० किलोकॅलरींचं. एका दिवसाचा खर्च, बस. तरी शरीर ही छोटी गंगाजळी सांभाळतं, कारण चरबीला तीन गोष्टी जमत नाहीत. चरबीतल्या मेदाम्लांपासून माणसाचं शरीर ग्लुकोज बनवू शकत नाही, आणि मेंदू मेदाम्लं थेट जाळत नाही. चरबी ऑक्सिजनशिवाय जळत नाही, ग्लायकोजेनपासून मात्र ऑक्सिजन कमी पडला तरी थोडा वेळ ऊर्जा काढता येते. आणि चरबी हळू निघते. जिना धावत चढायचा असेल तर ऊर्जा याच क्षणी लागते.

लगेच मिळावी ही गरज या रेणूच्या घडणीतच दिसते. ग्लायकोजेनचा एक पूर्ण वाढलेला कण जवळून पाहता आला तर तो चहूबाजूंनी फांद्या फुटलेल्या गोल झुडपासारखा दिसेल. ग्लुकोजला ग्लुकोज जोडून केलेल्या साखळ्या, दर आठ ते बारा ग्लुकोजनंतर एक नवी फांदी, त्या फांदीला पुन्हा फांदी, असे एकावर एक सुमारे बारा थर. कणाची रुंदी मिलिमीटरच्या पंचवीस हजाराव्या भागाइतकी, आणि तेवढ्यात सामावलेले ग्लुकोज तब्बल ५५,००० पर्यंत. महत्त्वाचं असं की या झुडपाला बाहेरच्या बाजूला जवळपास २००० मोकळी टोकं असतात. ग्लुकोज जोडायचा किंवा तोडायचा तो टोकावरच. एकच लांब साखळी असती तर एका वेळी एकच ग्लुकोज निघाला असता. इथे दोन हजार टोकांवर एकाच वेळी काम चालू शकतं. वनस्पतींच्या स्टार्चमध्येही अशा फांद्या असतात, पण विरळ. झाडाला पळायचं नसतं.

हे झुडूप उगवतं कसं? पेशीत शिरलेल्या ग्लुकोजला सर्वांत आधी एक फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरस आणि ऑक्सिजनचा छोटा गट, चिकटवलं जातं. फॉस्फेटवर विद्युतभार असतो, त्यामुळे असं ग्लुकोज पेशीच्या पडद्यातून परत बाहेर पडू शकत नाही. ते अडकलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट त्याच्यावरच फिरणार आहे. त्यानंतर फॉस्फेटची जागा बदलते आणि ग्लुकोज यूडीपी नावाच्या वाहक रेणूवर बसतं. हा टप्पा अर्जेंटिनाच्या लुईस लेलॉयर यांनी उलगडला, त्यांना १९७० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या वाहकावरून ग्लुकोज उचलून साखळीच्या टोकाला जोडण्याचं काम ग्लायकोजेन सिंथेस हे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन (विकर), करतं.

सिंथेसची एक अडचण आहे. त्याला आधीच असलेली साखळी वाढवता येते, कोऱ्या जागी पहिला ग्लुकोज ठेवता येत नाही. सुरुवात ग्लायकोजेनिन नावाचं प्रथिन करतं. ते स्वतःच्याच अंगावर एकेक ग्लुकोज जोडत आठ-दहांची छोटी साखळी उभी करतं आणि पुढचं काम सिंथेसवर सोपवतं. कण पूर्ण वाढला तरी ग्लायकोजेनिन मध्यभागी गाभ्यात तसंच राहतं. साखळी पुरेशी लांबली की तिसरं एक एन्झाइम टोकाचा सहा-सात ग्लुकोजचा तुकडा कापतं आणि थोडा आत, आडव्या बंधाने जोडतं. झाली नवी फांदी.

मोडण्याची पद्धत याहून सुंदर आहे. आतड्यात स्टार्च पचतो तेव्हा दोन ग्लुकोजमधला बंध पाण्याच्या रेणूने तोडला जातो. ग्लायकोजेन मोडणारं फॉस्फोरिलेज हे एन्झाइम पाण्याऐवजी फॉस्फेट वापरतं. म्हणजे सुटणारा ग्लुकोज फॉस्फेट लावूनच बाहेर येतो, त्यासाठी वेगळी ऊर्जा खर्चावी लागत नाही. स्नायूच्या दृष्टीने ही मोठी बचत आहे, शिवाय सुटलेला ग्लुकोज पेशीतच राहतो. १९३६ मध्ये गर्टी आणि कार्ल कोरी या दांपत्याने फॉस्फेट लागलेला हा ग्लुकोज ओळखला. १९४७ चं नोबेल त्यांना अर्जेंटिनाच्या बर्नार्दो उसाय यांच्यासोबत मिळालं. शरीरशास्त्र आणि वैद्यकाचं नोबेल मिळालेल्या गर्टी कोरी पहिल्या महिला.

फॉस्फोरिलेज टोकाकडून ग्लुकोज सोडवत आत येतं आणि फांदीच्या तिठ्याच्या चार ग्लुकोज अलीकडे थबकतं. तिठा सोडवणं त्याला जमत नाही. तिथे दुसरं एन्झाइम लागतं. ते उरलेल्या चारांपैकी तिघांना उचलून शेजारच्या साखळीला जोडतं, आणि तिठ्यावरचा शेवटचा एकटा ग्लुकोज पाण्याने तोडून मोकळा करतं. फांदी सरळ झाली, फॉस्फोरिलेजची वाट पुन्हा खुली.

आता मघाचा अडकलेला ग्लुकोज. यकृतात काय आणि स्नायूत काय, ग्लायकोजेन मोडून जवळपास सगळा ग्लुकोज फॉस्फेटसकट मिळतो. फॉस्फेट असेपर्यंत तो पेशीबाहेर जाणार नाही. यकृताकडे हे फॉस्फेट काढणारं एक एन्झाइम आहे, ग्लुकोज-६-फॉस्फेटेज. मूत्रपिंडातही ते असतं. स्नायूत नसतं. एवढाच फरक. या एका एन्झाइममुळे यकृत आपला साठा रक्तात सोडून साऱ्या शरीराला पुरवू शकतं. स्नायूचा साठा यकृताच्या चौपट-पाचपट असूनही तो जिथल्या तिथेच वापरावा लागतो. उजव्या पायाच्या स्नायूत ग्लायकोजेन ठासून भरलेलं असलं तरी ते मेंदूला सोडाच, शेजारच्या डाव्या पायालाही थेट देता येत नाही.

थेट म्हणालो, कारण एक आडवाट आहे. जोरात काम करणारा स्नायू आपला ग्लुकोज लॅक्टेट नावाच्या छोट्या रेणूपर्यंत मोडतो, आणि लॅक्टेटला रक्तात जायला आडकाठी नाही. यकृत ते उचलतं, ऊर्जा खर्चून त्याचा पुन्हा ग्लुकोज करतं आणि रक्तात सोडतं. या फेऱ्याला कोरी चक्र म्हणतात. वाट खर्चिक आहे, पण आहे.

साठवायचं कधी आणि मोडायचं कधी हे ठरवणारे निरोप रक्तातून येतात. जेवणानंतर साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. निरोप असा की आलेली साखर आत घ्या, बांधून ठेवा. उपाशीपोटी साखर उतरली की तेच स्वादुपिंड ग्लुकागॉन सोडतं आणि यकृत साठा मोडायला लागतं. ग्लुकागॉनचा निरोप स्नायूंच्या कानावर पडत नाही, तो ओळखणारे ग्राहक रेणू स्नायूंवर नसतात. रात्रभर उपाशी असलेल्या माणसाच्या पायातलं ग्लायकोजेन त्यामुळे शाबूत राहतं. घाबरलं, संतापलं किंवा पळायची वेळ आली की येतं ॲड्रेनॅलिन, आणि ते दोघांनाही कामाला लावतं.

ॲड्रेनॅलिनचे मोजके रेणू पेशीच्या बाहेरच्या पडद्याला टेकतात. ते आत जातच नाहीत. आत सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू भराभर तयार होतो, तो एक एन्झाइम जागं करतो, ते दुसऱ्याला, ते फॉस्फोरिलेजला. प्रत्येक पायरीवर एकाने अनेकांना जागं करायचं, त्यामुळे चिमूटभर निरोपाचा काही सेकंदांत गदारोळ होतो. याच साखळीने त्याच वेळी सिंथेसला थांबवलं जातं. एका हाताने बांधायचं आणि दुसऱ्या हाताने मोडायचं असं चालू राहिलं तर नुसती ऊर्जा वाया जाईल. एन्झाइमवर फॉस्फेट लावून किंवा काढून ते चालू-बंद करण्याची ही पद्धत एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५०च्या दशकात ग्लायकोजेनच्याच अभ्यासात शोधली आणि पुढे पेशीतल्या असंख्य व्यवहारांत तीच दिसली. १९९२ चं नोबेल त्यासाठी मिळालं. सायक्लिक एएमपी शोधणाऱ्या अर्ल सदरलँड यांना ते १९७१ मध्येच मिळालं होतं.

स्नायूची आणखी एक सोय आहे. स्नायू आकुंचन पावतो तो कॅल्शियम सुटल्यामुळे, आणि तेच कॅल्शियम फॉस्फोरिलेज जागं करण्याच्या साखळीलाही चालना देतं. हालचालीचा हुकूम आणि इंधन काढण्याचा हुकूम एकच. म्हणून पहिल्या पावलालाच इंधन हजर असतं.

आता हे सगळं अंगावर घेऊन पाहू. रात्रभराच्या उपासाने यकृताचा साठा निम्म्याच्या आसपास येतो. एक ते दीड दिवस काहीच खाल्लं नाही तर तो जवळपास संपतो. त्याच्या कितीतरी आधीपासून यकृत लॅक्टेट, अमिनो आम्लं आणि चरबीतलं ग्लिसरॉल वापरून नवा ग्लुकोज घडवायला लागलेलं असतं. साठा संपल्यावर सगळी भिस्त त्यावरच येते. उपास अनेक दिवस लांबला तर मेंदूही चरबीपासून झालेल्या कीटोनवर बराच भार टाकतो.

मॅरेथॉन धावणाऱ्यांचं गणित वेगळं. सत्तर किलोच्या माणसाला ४२ किलोमीटर धावायला ढोबळमानाने २९०० किलोकॅलरी लागतात आणि ग्लायकोजेन आहे २००० किलोकॅलरींचं. काही भार चरबी उचलते, पण वेग जितका जास्त तितका ग्लायकोजेनचा वाटा जास्त. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास अनेकांचे पाय अचानक शिसाचे होतात. फुप्फुसं ठीक, मन तयार, पण पाय उचलत नाहीत. साठा आटलेला असतो.

हा साठा वाढवता येतो का, हे १९६६ मध्ये स्वीडनच्या योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन यांनी स्वतःवरच पाहिलं. व्यायामाच्या एकाच सायकलच्या दोन बाजूंना दोघं बसले, प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारायचं, दुसरा पाय मोकळा. दमून पाय थांबेपर्यंत ते चालवत राहिले. मग तीन दिवस भरपूर पिष्टमय आहार, आणि रोज दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचा कणभर तुकडा काढून तपासणी. दमलेल्या पायातलं ग्लायकोजेन आधी जवळपास शून्यावर गेलं आणि मग आरामात असलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट झालं. रक्त तेच, आहार तोच, इन्सुलिन तेच. रिकामं होण्याची आठवण त्या स्नायूने स्वतःपाशी ठेवली होती. खेळाडू शर्यतीआधी पिष्टमय आहार वाढवतात, त्याची मुळं या प्रयोगात आहेत.

वजनाबद्दल मला आवर्जून सांगायचं आहे, कारण इथे लोकांची फसगत होते आणि मग ती माणसं स्वतःलाच दोष देतात. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. आहारातले पिष्टमय पदार्थ एकदम बंद केले की काही दिवसांत साठा उतरतो आणि पाणी लघवीवाटे जातं. ५०० ग्रॅम ग्लायकोजेन गेलं तर वजनकाट्यावर दोन किलो कमी दिसतात. त्यात चरबी नगण्य. नेहमीचं खाणं सुरू झालं की तेच दोन किलो एक-दोन दिवसांत परततात. त्या माणसाचा निश्चय ढळला म्हणून नव्हे, साठा भरला म्हणून.

मधुमेहात इन्सुलिन जास्त झालं आणि रक्तातली साखर धोकादायक उतरली, माणूस बेशुद्ध पडला, तोंडाने काही देता येत नाही, तर ग्लुकागॉनचं इंजेक्शन देतात. ते स्वतः साखर देत नाही, यकृताला साठा सोडायला सांगतं. म्हणून दीर्घ उपासमारीत किंवा उपाशीपोटी भरपूर दारू प्यायलेल्या माणसात ते नीट लागू पडत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अशा वेळी ग्लुकोज थेट शिरेतूनच द्यावं लागतं.

यकृत आणि स्नायूमधला फरक सर्वांत लख्ख दिसतो तो जन्मजात आजारांत. १९५१ मध्ये लंडनमध्ये ब्रायन मॅकआर्डल यांनी तीस वर्षांच्या एका माणसाची नोंद केली. लहानपणापासून थोडं श्रम झाले की स्नायू दुखायचे, आखडायचे. त्याच्या हाताचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडवून मूठ उघडझाप करायला लावली, तेव्हा रक्तातलं लॅक्टेट वाढायला हवं होतं, ते वाढलंच नाही. स्नायू आपलं ग्लायकोजेन मोडू शकत नव्हता. त्यात फॉस्फोरिलेज नसतं हे काही वर्षांनी सिद्ध झालं. अशा रुग्णांची रक्तातली साखर व्यवस्थित असते, यकृताचं फॉस्फोरिलेज वेगळं असल्यामुळे. सुरुवातीला हळू चालत राहिलं की सात-आठ मिनिटांनी त्यांचं दुखणं ओसरतं आणि पाय मोकळे होतात. तोवर रक्तातून यकृताचा ग्लुकोज आणि मेदाम्लं स्नायूपर्यंत पोहोचू लागलेली असतात.

जर्मन डॉक्टर फॉन गिर्के यांनी १९२९ मध्ये वर्णन केलेला आजार याच्या उलट. त्यात बहुतेक मुलांमध्ये ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे एन्झाइमच नीट बनत नाही. यकृत साठवतं, मोडतंही, पण ग्लुकोजवरचं फॉस्फेट निघत नाही, म्हणून तो बाहेर सोडता येत नाही. साठा वाढत वाढत यकृत फुगतं, पोट पुढे येतं, आणि जेवणानंतर काही तासांतच मुलाची साखर कोसळते. नवा घडवलेला ग्लुकोजही याच दारातून बाहेर पडतो, त्यामुळे तीही वाट बंद. भरलेल्या कोठाराशेजारी उपासमार.

या मुलांचं यकृत जे करू शकत नाही ते बाहेरून करावं लागतं. १९७०च्या दशकात नाकातून जठरात घातलेल्या नळीने रात्रभर ग्लुकोज थेंबथेंब देण्याची पद्धत आली. १९८४ मध्ये त्याहून सोपा उपाय पुढे आला: मक्याचा कच्चा स्टार्च पाण्यात कालवून पाजायचा. कच्चा असल्यामुळे तो आतड्यात सावकाश पचतो आणि काही तास ग्लुकोज झिरपत राहतो. शिजवला की पचन भराभर होतं आणि उपयोग जातो, म्हणून पाणी गरम घ्यायचं नाही. मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टर मात्रा ठरवून देतात. आई किंवा वडील रात्री गजर लावून उठतात, पूड तोलतात, गार पाण्यात ढवळतात, पेंगुळलेल्या लेकराला बसतं करून पेला रिकामा होईपर्यंत थांबतात, आणि पुढच्या काही तासांनंतरचा गजर लावून पुन्हा आडवे होतात.